काठावरची उत्तरपत्रिका

पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याची मला काळजी वाटत नाही. तो ग्रंथालयात शिकतो, इंटरनेटवर शिकतो, शिक्षक चांगला असला तर त्याच्याकडून शिकतो आणि नसला तरी अडून राहत नाही. कुठल्याही कॉलेजात घाला, तो इंजिनिअर होऊनच बाहेर पडतो. प्रवेशद्वारावर त्याचा फोटो लागतो, त्याला मिळालेलं पॅकेज जाहिरातीत छापून येतं, आणि ते खरंही असतं. पण कॉलेजने त्याच्यात स्वतःची किती भर घातली, हे त्यावरून समजत नाही. ते समजतं काठावर पास झालेल्या मुलाकडे पाहून. पदवी दोघांना एकच मिळते. कागद तोच, कुलगुरूंची सही तीच. पुढे त्यांच्यातला एक जण पुलाच्या तुळईचा आराखडा तपासतो, दुसरा बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह निवडतो. पुलावरून जाणाऱ्याला किंवा बॉयलरशेजारी उभं राहून काम करणाऱ्याला, यातला पहिला आलेला कोण आणि काठावरचा कोण, हे विचारायची सोय नसते.

इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांना जे मानांकन देतात, ज्याला आपण सगळे सरसकट अ‍ॅक्रेडिटेशन म्हणतो, त्याचं प्रयोजन मला या एका गोष्टीत दिसतं. मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवते. आमच्या विभागाच्या मानांकनाच्या फायली मी तयार केल्या आहेत, आणि गेली काही वर्षं समितीची सदस्य म्हणून दुसऱ्यांचे विभाग पाहायलाही जाते. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून माझं असं मत बनलं आहे, की मानांकन हे एका अनोळखी माणसाला दिलेलं वचन असतं. या अभ्यासक्रमातून जो कोणी पदवी घेऊन बाहेर पडला, अगदी यादीतला शेवटचा का असेना, त्याला निदान एवढं येतं, असं ते वचन.

लोकांच्या मनात मात्र मानांकन आणि क्रमवारी यांची गल्लत झालेली असते. प्रवेशाच्या हंगामात पालक विचारतात, "मॅडम, कॉलेज कितवं आहे?" आणि त्याच दमात, "कॉलेजला मानांकन आहे ना?" क्रमवारीत कुणीतरी वर असतं म्हणून कुणीतरी खाली असतं. मानांकनात तसं नसतं, तिथे एक उंबरठा असतो. शंभर अभ्यासक्रम तपासले आणि शंभरही उंबरठ्याच्या आत आले, तर शंभरांनाही मान्यता मिळायला हवी. दुसरी गल्लत त्याहून नुकसानीची. हे मानांकन कॉलेजला मिळत नाही, अभ्यासक्रमाला मिळतं. एकाच इमारतीत यंत्र अभियांत्रिकीला असेल आणि वरच्या मजल्यावरच्या विद्युत अभियांत्रिकीला नसेल, असं सर्रास होतं. शिवाय ते कायमचं नसतं, ठरावीक वर्षांसाठी असतं आणि मुदत संपली की पुन्हा सिद्ध करावं लागतं. म्हणून पालकांना मी सांगते, की कुठल्या शाखेला, कुठल्या वर्षापासून आणि कुठल्या वर्षापर्यंत, हे तिन्ही विचारून घ्या. भिंतीवरच्या फलकावर ही तिन्ही उत्तरं सापडतीलच असं नाही.

या किमान पातळीची एवढी चिंता का करायची, हे समजावताना मी वर्गात नेहमी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलचं उदाहरण घेते. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी तिथे नृत्याचा कार्यक्रम चालू असताना उंच दालनातले दोन टांगते पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं मेली. मूळ आराखड्यात दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरचे पूल छतापासून खाली आलेल्या एकाच अखंड सळईवर टांगलेले होते. तेवढ्या लांब सळईवर आटे पाडणं अवघड म्हणून तयार करताना तिचे दोन तुकडे झाले. वरचा तुकडा छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, आणि खालचा चौथ्या मजल्याच्या तुळईपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत. कागदावर हा बदल बारीकसा दिसतो. पण आता चौथ्या मजल्याच्या तुळईखालच्या नटावर फक्त चौथ्या मजल्याचा भार राहिला नाही, दुसऱ्या मजल्याचाही त्याच्यावरच आला. भार दुप्पट झाला. चौकशीत असंही निघालं, की मूळ जोडणीसुद्धा नियमाने लागणाऱ्या ताकदीच्या जेमतेम ६० टक्के भार पेलणारी होती.

हे गणित पदवीच्या दुसऱ्या वर्षाचं आहे. नटाभोवती एक वर्तुळ काढायचं, त्याच्यावर येणारी बलं मांडायची आणि बेरीज करायची. मी हा आराखडा फळ्यावर काढते आणि वर्गाला पाच मिनिटं देते. बहुतेक मुलांना उत्तर येतं. मग मी विचारते, की ज्या आराखड्यावर परवानाधारक इंजिनिअरचा शिक्का होता, तिथे ही पाच मिनिटं कुणी का दिली नाहीत? तेव्हा वर्ग गप्प होतो. कारण उत्तर गणितात नसतं. बदल कुणी सुचवला, कुणी कुणाला कळवला, तपासायची जबाबदारी आपली आहे असं कुणाला वाटलं, कळवताना काय लिहिलं आणि काय गृहीत धरलं, यात ते असतं. त्या प्रकरणात पुढे जबाबदार इंजिनिअरांचे मिसुरी राज्यातले परवाने रद्द झाले.

आता कुणी म्हणेल, ते इंजिनिअर शिकलेलेच होते, परवानाधारक होते, मग मानांकनाने काय साधलं? हा आक्षेप मला रास्त वाटतो. मानांकन माणसाला मिळत नाही, अभ्यासक्रमाला मिळतं. माणसाची परीक्षा परवाना घेतो, आणि परवान्यानंतरही रोजच्या कामात चूक होऊ शकते. मानांकन ही या साखळीतली पहिली कडी आहे, शेवटची नव्हे. पण जिथे पुढच्या कड्या नसतातच, तिथे या पहिलीवरच सगळा भार येतो, आणि अशी क्षेत्रं थोडी नाहीत. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला जगात बहुतेक ठिकाणी परवाना लागत नाही. थेराक-२५ नावाच्या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रचंड जास्त किरणोत्सर्ग दिला, त्यातले काही दगावले. आधीच्या यंत्रात धोका अडवणारी हार्डवेअरची कुलुपं होती. नव्या यंत्रात ती काढून ते काम सॉफ्टवेअरवर सोपवलं गेलं होतं. असं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला सुरक्षिततेचा विचार करायला शिकवण्याची हमखास जागा एकच उरते, ती म्हणजे पदवीचा अभ्यासक्रम. तो विचार तिथे प्रत्येकाला शिकवला जातो का, की एका हुशार प्राध्यापकाच्या ऐच्छिक विषयात बसलेल्या वीस जणांनाच, हे कुणीतरी बाहेरून येऊन पाहायला नको का?

बाहेरून येऊन पाहण्याची ही रीत इंजिनिअरांच्या आधी डॉक्टरांच्या शिक्षणात गाजली. अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षणतज्ज्ञाने अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळा पाहून १९१० मध्ये अहवाल दिला, आणि त्यातल्या अनेक शाळांची दुरवस्था जगासमोर आली. इंजिनिअरांच्या सात संघटनांनी १९३२ मध्ये अमेरिकेत एक सामाईक मंडळ काढलं, १९३६ मध्ये पहिले अभ्यासक्रम तपासले. तेच मंडळ १९८० पासून अ‍ॅबेट या नावाने ओळखलं जातं. पुढची कितीतरी वर्षं तपासणी म्हणजे मोजणी होती. गणिताचे तास किती, प्रयोगशाळा किती, शिक्षकांमागे विद्यार्थी किती, पुस्तकं किती. हे मोजणं सोपं आणि निःपक्षपातीही. पण तास भरले म्हणून विषय आला असं होत नाही, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं. १९९७ मध्ये अ‍ॅबेटने आपले निकष मुळापासून बदलले आणि विचारलं, की तुम्ही काय शिकवलंत ते राहू द्या, पदवी घेताना विद्यार्थ्याला काय करता येतं ते दाखवा. अकरा गोष्टींची यादी आली. प्रयोगाची आखणी करता येणं, निरनिराळ्या शाखांच्या लोकांबरोबर काम करता येणं, आपली व्यावसायिक आणि नैतिक जबाबदारी कळणं, समजेल असं लिहिता-बोलता येणं. हयात रीजन्सीच्या नटाची गोष्ट आठवली, की ही यादी पुस्तकी वाटत नाही.

या बदलाचा उपयोग झाला का, हेही तपासलं गेलं. पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९४ चे आणि २००४ चे पदवीधर ताडून पाहिले. नंतरच्या पदवीधरांनी स्वतःच्या क्षमतांबद्दल जे सांगितलं ते जवळपास सर्व बाबतींत आधीच्यांपेक्षा बरं होतं. स्वतःबद्दल स्वतः सांगितलेलं किती धरायचं हा प्रश्न राहतोच, पण गणित-विज्ञानाचा पाया ढासळेल अशी जी भीती घातली जात होती ती खरी ठरली नाही.

आता आमच्या भेटीत काय होतं ते सांगते, कारण मानांकनावर बोलणाऱ्या पुष्कळांनी ही भेट आतून पाहिलेली नसते. आधी विभाग स्वतःचं मूल्यमापन लिहून पाठवतो. तो अहवाल जाडजूड असतो. मग दोन-तीन दिवसांसाठी समिती येते, त्यात दुसऱ्या संस्थांमधले प्राध्यापक असतात, कधी उद्योगातली माणसं असतात. प्रयोगशाळा पाहायच्या, शिक्षकांशी बोलायचं, माजी विद्यार्थी आणि त्यांना नोकरी देणाऱ्यांना भेटायचं, प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका चाळायच्या. उत्तरपत्रिकांचे तीन गठ्ठे मांडलेले असतात. उत्तम, मध्यम आणि काठावरच्या. मी पहिल्या गठ्ठ्याला हात लावत नाही. तिसरा उघडते.

एका ठिकाणी काँक्रीटच्या रचनांचा आराखडा या विषयाची अशीच एक उत्तरपत्रिका हाती आली. मुलगा काठावर पास झाला होता. प्रत्येक प्रश्नातला व्याख्येचा भाग त्याने लिहिला होता, फायदे-तोटे लिहिले होते, आकृत्या नीटनेटक्या काढल्या होत्या. तुळईचा आराखडा करा, स्तंभाचा आराखडा करा, असं जिथे जिथे विचारलं होतं तिथे पान कोरं. तपासणाऱ्याने गुण बरोबर दिले होते, एकही गुण फुकट नव्हता. बेरीज केली की तो पास होत होता. विषयाचं नावच आराखडा, आणि एकही आराखडा न करता तो विषय सुटला होता. मी विभागप्रमुखांना ती उत्तरपत्रिका दाखवली. ते बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, हा अपवाद असेल." आम्ही दोघांनी मिळून त्या गठ्ठ्यातल्या उरलेल्या उत्तरपत्रिका पाहिल्या. अपवाद नव्हता. प्रश्नपत्रिकेची रचनाच तशी होती. सिद्धांताचे गुण गोळा केले, की आराखड्याला हात न लावता उंबरठा ओलांडता येत होता.

त्या विभागात चांगली माणसं होती. मेहनती शिक्षक होते, प्रयोगशाळेतली यंत्रं चालू होती, पहिल्या आलेल्या मुलांचं काम पाहून आनंद झाला. रोज त्याच वर्गात शिरणाऱ्यांना जे दिसत नाही ते बाहेरून आलेल्या माणसाला दिसतं, एवढंच. स्वयंपाक करणाऱ्याला मीठ कमी पडलेलं कळत नाही, कारण तो चव घेत घेतच करत असतो.

आणखी एक बैठक असते, विद्यार्थ्यांबरोबरची. तिथे शिक्षकांनी थांबायचं नसतं. मला मानांकनातला हा तास सगळ्यात मोलाचा वाटतो. एकदा अंतिम वर्षाच्या गटांना मी विचारत होते, की प्रकल्पात तुमचा वाटा काय. पुढे बसलेल्या गटांनी पाठ केल्यासारखी उत्तरं दिली. मागून एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, माझा भाग चालला नाही. का चालला नाही ते सांगू का?" तिने भिंतीतला ओलावा मोजणारा सेन्सर बसवला होता आणि त्याची नोंद दुपारी वर जायची. ती ओलाव्यामुळे नव्हे तर तापमानामुळे वर जातेय, हे तिने कसं ओळखलं, ते वेगळं काढायला कोणता प्रयोग करून पाहिला, आणि वेळ संपला म्हणून काय राहिलं, हे तिने दहा मिनिटांत सांगितलं. तिच्या प्रकल्पाला गुण बेताचेच होते. समितीच्या टिपणात मात्र त्या अभ्यासक्रमाच्या बाजूने लिहिण्यासारखी मला मिळालेली सगळ्यात भक्कम गोष्ट तीच होती. जिथे न चाललेल्या गोष्टीबद्दल इतकं सरळ बोलायला मुलं शिकतात, तिथे कुणीतरी मन लावून शिकवत असतं.

आता फायलींबद्दल. ज्यांनी मानांकनाची तयारी केली आहे त्यांना सीओ (विषयाची उद्दिष्टं), पीओ (पदवीची उद्दिष्टं), मॅपिंग (त्यांची जोडणी), अटेनमेंट (उद्दिष्ट किती साधलं) हे शब्द झोपेतही ऐकू येतात. प्रत्येक विषयाची चार-सहा उद्दिष्टं लिहायची, ती पदवीच्या मोठ्या उद्दिष्टांशी १, २, ३ असे आकडे देऊन जोडायची, परीक्षेतल्या प्रत्येक प्रश्नाला कुठलं उद्दिष्ट ते लिहायचं, गुण भरायचे, आणि शेवटी उद्दिष्ट किती साधलं याचा आकडा काढायचा, दोन दशांश स्थळांपर्यंत. रात्री उशिरापर्यंत विभागात दिवे चालू असतात. तरुण शिक्षकांच्या ज्या संध्याकाळी उद्याच्या तासाची तयारी करण्यात जायला हव्यात त्या तक्त्यांत जातात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोन दशांश स्थळांची अचूकता त्या आकड्यांत नसतेच. नैतिक जबाबदारीचं भान २.१७ आणि २.३४ यांच्यात किती वाढलं, हे कुणालाही सांगता येणार नाही.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. अटेनमेंट काढायची रूढ पद्धत अशी: इतके टक्के विद्यार्थ्यांनी ठरलेल्या गुणांच्या वर मजल मारली की पहिला स्तर, त्याहून जास्त जणांनी मारली की दुसरा, आणि समजा ८० टक्क्यांनी मारली की तिसरा, म्हणजे सर्वोच्च. उद्दिष्ट साधलं, फाईल बंद. उरलेल्या २० टक्क्यांचं काय झालं हे त्या आकड्यात कुठेच नसतं. ज्या विद्यार्थ्याची खात्री समाजाला हवी आहे, नेमका तोच या गणितातून गळतो. कोऱ्या पानांचा तो मुलगा सर्वोच्च स्तराच्या अभ्यासक्रमातूनही पास होऊ शकतो, आणि झालाही होता. त्या विषयाचा तक्ता अगदी चोख होता.

कॅनडाच्या मानांकन मंडळाची एक कल्पना मला यासाठी फार आवडते. ऐच्छिक विषयांचे जितके पर्याय आहेत, त्यांतला सगळ्यात हलका रस्ता धरून विद्यार्थी पदवीपर्यंत पोचला, तर गणित, विज्ञान, अभियांत्रिकी आणि आराखडा या प्रत्येकाची ठरलेली मात्रा त्याला मिळते का, हे ते पाहतात. त्याला ते किमान मार्ग म्हणतात. सरासरी विद्यार्थी काय निवडतो याला तिथे महत्त्व नाही. सगळ्यात कमी चालून बाहेर पडता येईल अशी वाट पुरेशी आहे का, एवढंच. हाच विचार विषयांच्या निवडीपुरता न ठेवता परीक्षेच्या आतही नेला पाहिजे. प्रत्येक विषयाची प्रश्नपत्रिका समोर ठेवून शिक्षकांनी स्वतःला विचारावं, की यात कमीत कमी काय येऊन पास होता येतं? याला तक्ता लागत नाही. तासाभराची प्रामाणिक चर्चा लागते.

परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांना मानांकनाचा उपयोग होतो तो वॉशिंग्टन करारामुळे, आणि त्याबद्दलही अर्धवट माहिती फार फिरते. हा करार १९८९ मध्ये ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका या सहा देशांतल्या मानांकन संस्थांनी केला. एकाने तपासून मान्य केलेला पदवी अभ्यासक्रम बाकीच्यांनी आपल्या तोडीचा मानायचा, हे त्याचं सार. भारताच्या वतीने नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे आपलं एनबीए, २०१४ मध्ये त्याचं पूर्ण सदस्य झालं. पण म्हणून प्रत्येक भारतीय पदवी तिकडे चालते असं नाही. एनबीएच्या दोन श्रेणींपैकी टियर-१ मध्ये, म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांचे विभाग यांच्यासाठीच्या श्रेणीत, मानांकन मिळालेल्या अभ्यासक्रमांनाच ती मान्यता लागू होते, आणि देश सदस्य होण्याआधी घेतलेल्या पदवीला सहसा होत नाही. शिवाय करार पदवीची तोड मान्य करतो, परवाना देत नाही. तो त्या त्या देशाच्या नियमांनी वेगळा मिळवावा लागतो. करारातल्या कोणत्याही संस्थेची बाकीच्या संस्था ठरावीक काळाने तपासणी करतात, ही मात्र मला त्यातली उत्तम गोष्ट वाटते. तपासणाऱ्यांनाही तपासणारं कुणीतरी आहे.

या सगळ्याची एक काळी बाजू आहे आणि ती लपवू नये. फ्लेक्सनरच्या अहवालानंतर अमेरिकेतलं वैद्यकीय शिक्षण सुधारलं, हे खरं. पण कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठीच्या सात वैद्यकीय शाळांपैकी पाच बंद पडल्या, हेही खरं. किती होतकरू डॉक्टर त्यामुळे घडलेच नाहीत आणि किती वस्त्यांना डॉक्टर मिळाला नाही, याचा हिशेब मोठा आहे. कमी साधनांत तळमळीने शिकवणारे इंजिनिअरिंगचे विभाग मी पाहिले आहेत. तिथली यंत्रं जुनी होती, पण प्रत्येक विद्यार्थ्याचा हात त्या यंत्राला लागत होता. आणि काचेमागे झाकून ठेवलेली नवी कोरी यंत्रंही पाहिली आहेत. निकष लिहिणाऱ्यांनी उपकरणांच्या यादीला दिलेलं वजन कमी करून वापराच्या पुराव्याला दिलं नाही, तर उंबरठा हळूहळू पैशाचा होतो. उलट टोकाला, अमेरिकेतल्या काही नामवंत विद्यापीठांनी आपल्या काही अभ्यासक्रमांचं मानांकन घेणं सोडून दिलं आहे. त्यांच्या नावावरच त्यांचे पदवीधर निवडले जातात. त्यांना ते परवडतं. ज्याच्या कॉलेजचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशा मुलासाठी मात्र मानांकन हाच ओळखीचा दाखला असतो, आणि म्हणून तो खरा असण्याची त्यालाच सगळ्यात जास्त गरज असते.

कोऱ्या पानांच्या त्या विभागाला त्या वेळी थोड्या वर्षांसाठी मान्यता मिळाली, सुधारणेच्या अटीवर. पुढच्या भेटीच्या वेळी त्यांनी प्रश्नपत्रिकेची रचना बदललेली होती. आराखड्याचा भाग वेगळा केला होता आणि त्यात स्वतंत्रपणे पास होणं सक्तीचं केलं होतं. त्यासाठी विद्यापीठाकडे त्यांना किती खेटे घालावे लागले ते विभागप्रमुखांनी सांगितलं. शिवाय मागे पडणाऱ्या मुलांसाठी शनिवारी आराखड्याचा वर्ग चालू केला होता. एकदा मी तिथे डोकावले तेव्हा आठ-दहा मुलं मोठ्या कागदावर तुळईतल्या सळया काढत होती आणि एक तरुण शिक्षक प्रत्येकाच्या पाठीमागे उभा राहून विचारत होता, "ही सळई इथेच का थांबवली?" काठावरच्या गठ्ठ्यातल्या उत्तरपत्रिका आता वेगळ्या दिसत होत्या. आराखड्यात चुका होत्या, खाडाखोड होती, पण पान कोरं नव्हतं.

आणि त्या विषयाचा निकाल घसरला होता. नव्या रचनेनंतरच्या दोन्ही वर्षी आधीपेक्षा जास्त मुलं नापास झाली होती. विभागप्रमुख थोडे अस्वस्थ होते, आणि त्यांचं अस्वस्थ होणं बरोबर होतं, कारण मानांकनाच्या नमुन्यात ठरलेल्या मुदतीत किती विद्यार्थी पास झाले याला गुण असतात. निकाल खाली गेला की ते गुण जातात. म्हणजे शेवटच्या विद्यार्थ्याला खरोखर काही येतं की नाही याची काळजी घेणाऱ्या विभागाला त्याच काळजीपोटी तोटा होतो, आणि कोऱ्या पानांवर पास करणाऱ्याला फायदा. मी सहकाऱ्यांशी वाद घातला. एक जण म्हणाले, "नियमात जे आहे तेच आपण मोजायचं ना?" आकडा त्यांनी नियमाप्रमाणेच भरला, तो बदलणं आमच्या हातात नव्हतं. पण शेरा लिहायची जागा होती. तिथे मी त्या विषयाच्या दोन्ही प्रश्नपत्रिका, जुनी आणि नवी, जोडल्या, त्या त्या वर्षीच्या काठावरच्या प्रत्येकी तीन उत्तरपत्रिकांच्या प्रती जोडल्या, आणि लिहिलं, की ही घसरण सुधारणा म्हणून वाचावी. निकालाच्या आकड्याशेजारी सगळ्यात कमी गुणांनी पास झालेल्यांचं काम तपासल्याचा वेगळा रकाना असावा, अशी सूचनाही पाठवली आहे. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या भेटीच्या अहवालासोबत मी ती पुन्हा पाठवणार आहे.